कामकरी कुत्री : माजकाळातील व माजानंतरचा व्यायाम

पोलीस व सैन्याच्या श्वानपथकातील, मेंढरांच्या कळपाबरोबर चालणारी, बर्फावर गाडी ओढणारी किंवा शोध-बचावकार्यातील मादी माजावर आली असता तिच्याकडून कोणते काम, किती व कसे घ्यावे, यासंबंधीची पद्धती. माज हा आजार नव्हे. त्यासाठी निरोगी मादीला आठवडेच्या आठवडे बांधून ठेवणे गैर आहे. मात्र स्राव थांबला की काळजी मिटली, हा समजही तितकाच चुकीचा आहे. स्राव दिसतो त्या सुमारे तीन आठवड्यांत तिला नरांपासून राखावे लागते, तर पुढचे दोन-अडीच महिने तिच्या प्रकृतीवर बारीक लक्ष ठेवावे लागते. जिवावर बेतणारी दुखणी बहुधा याच दुसऱ्या काळात उद्भवतात.

माजचक्र : मादी साधारणपणे वयाच्या सहाव्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत केव्हातरी प्रथम माजावर येते. लहान जातींत हे लवकर, मोठ्या जातींत उशिरा घडते. दोन माजांमधील अंतर सरासरी ७ महिने असले, तरी ५ ते १२ महिन्यांचा फरक आढळतो. बसेंजी ही जात वर्षातून एकदाच माजावर येते. चक्राच्या चार अवस्था आहेत. पूर्वमाजात (सु. ९ दिवस) योनी सुजते, रक्तमिश्रित स्राव होतो आणि नर मागे लागतात, पण मादी त्यांना जवळ येऊ देत नाही. माजात (सु. ९ दिवस) स्राव बहुधा फिकट होतो, योनी मऊ पडते आणि मादी शेपूट बाजूला करून नराला स्वीकारते. पहिल्या दोन्ही अवस्था ३ ते २१ दिवसांपर्यंत कमी-अधिक होऊ शकतात. उत्तरमाज सुमारे दोन महिन्यांचा असतो. त्यानंतरच्या विश्रामकाळात बीजाशये काही महिने शांत असतात.

माजकाळातील काम : मादी उत्साही असेल, नीट खात असेल, तर नेहमीचा व्यायाम चालू ठेवतात. काहींची भूक मंदावते, काही चिडचिड करतात, बहुतेकींना वारंवार लघवी लागते. माग काढताना लक्ष विचलित होते; अशा वेळी नवे धडे न देता येत असलेल्या धड्यांची छोटी उजळणी घेतात. खरा प्रश्न शिस्तीचा असतो. एरवी हाकेसरशी परतणारी मादीही माजात नराच्या शोधात निघून जाते. म्हणून मोकळे सोडणे बंद करून तिला पट्ट्याने किंवा लांब दोरीने फिरवतात, वेळ व वाट बदलतात आणि पथकातील नरांपासून तिचा पिंजरा व वाहन वेगळे ठेवतात. महाराष्ट्रात गावोगावी मोकाट नर असल्याने ही दक्षता अधिकच लागते; धनगरांच्या वाड्यावर तर कळप आणि मुक्काम दोन्ही उघड्यावर असतात. माजाच्या वेळी घालायची चड्डी डाग टाळते, गर्भधारणा टाळत नाही. घासून कातडी सोलवटू नये म्हणून धावण्याआधी ती काढतात. या काळात गर्भाशयाचे मुख खुले असते, त्यामुळे डबक्यात व गढूळ पाण्यात पोहणे टाळतात. नर-मादी जुळून अडकल्यास त्यांना ओढून सोडवू नये. दोघांनाही इजा होते.

फेडरेशन सिनोलॉजिक इंटरनॅशनल या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या आयजीपी या कामकरी कुत्र्यांच्या चाचण्यांत माजावरील मादीला भाग घेता येतो. माग काढण्याची परीक्षा ती ठरल्या वेळी देते. आज्ञापालन व संरक्षण यांसाठी तिला सर्वांत शेवटी उतरवतात.

माजानंतरचे काम : गर्भ राहो वा न राहो, उत्तरमाजात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण सुमारे दोन महिने चढे राहते, हे कुत्र्यांचे वैशिष्ट्य होय. काम हळूहळू पूर्ववत करता येते. संयोगाची शंका असल्यास साधारण २५ दिवसांनंतर सोनोग्राफी करून घेतात. गाभण मादीला पहिल्या महिन्यात मध्यम व्यायाम चालतो. पुढे उड्या, झटापट व दमछाक करणारे काम थांबवून फक्त चालवतात.

गाभण नसलेल्या मादीतही माजानंतर सहा ते बारा आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन घटून प्रोलॅक्टिन वाढते आणि खोटी गर्भावस्था दिसू शकते. मादी अंथरूण उकरते, खेळणे पिल्लासारखे जवळ घेऊन बसते, कामाला निघायला नाखूश असते. स्तन भरतात, कधी दूधही येते. दूध पिळू नये, त्याने ते वाढते. खेळणी काढून घेणे व नियमित फिरवणे यांनी बहुधा आराम पडतो. स्तन दुखरे असल्यास छातीवर आवळणारा पट्टा व अडथळ्यांवरील उड्या टाळतात.

गर्भाशयात पू होणे (पायोमेट्रा) हा सर्वांत गंभीर धोका माजानंतर बहुधा दोन ते आठ आठवड्यांत संभवतो. स्वीडनमध्ये माद्यांची नसबंदी पूर्वी क्वचितच होई. तेथील विमानोंदींवरून वयाच्या दहा वर्षांपर्यंत जवळपास चौथाई माद्यांना हा विकार झाल्याचे आढळले. मादी सुस्तावते, खाणे सोडते, ओकते, पाणी फार पिते व वारंवार लघवी करते. ताप असतोच असे नाही. गर्भाशयाचे मुख बंद असल्यास पूही बाहेर दिसत नाही. म्हणून श्वानहस्तकाने या आठवड्यांत भांड्यात पाणी मोजून ओतावे. दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरहून अधिक, म्हणजे २५ किलोच्या मादीने अडीच लिटरपेक्षा जास्त पाणी प्यायल्यास तपासणी आवश्यक ठरते. उन्हाळ्यात व श्रमानंतर तहान वाढतेच. तरी ‘उन्हामुळे असेल’ म्हणून थांबू नये. अशी मादी कामावर न नेता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावी. गर्भाशय व बीजाशये काढणे हा मुख्य उपचार होय. एल्कहाउंड जातीत उत्तरमाजात मधुमेहही आढळतो. त्यातही तहान वाढते.

नियोजन : कठोर सराव, दमसास वाढवणे व नवे प्रशिक्षण यांना विश्रामकाळ सर्वांत सोयीचा. नियोजित नसबंदीही माजानंतर दोन-तीन महिन्यांनी, खोटी गर्भावस्था ओसरल्यावर करतात. माज पुढे ढकलणारी संप्रेरक-इंजेक्शने पायोमेट्राचा धोका वाढवतात. कामाच्या सोयीसाठी ती सर्रास देऊ नयेत. नसबंदीचे वयही विचारपूर्वक ठरवावे लागते : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्या वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांत सांध्यांचे विकार अधिक आढळले.

माजाचा पहिला दिवस, स्राव थांबल्याची तारीख आणि पुढील बारा आठवड्यांतील भूक, तहान व वजन यांची नोंद मादीच्या कामाच्या वहीतच ठेवावी. हस्तक बदलला तरी नव्या हस्तकाला त्यावरून पुढचा माज केव्हा येईल आणि आजची मरगळ थकव्याची की आजाराची, हे ठरवायला आधार मिळतो.