परकी बाई आणि आमची आजी

इसाबेल बर्टन ही इंग्रज बाई १८७६ मध्ये नवऱ्याबरोबर गोव्यात आली. १८७९ मध्ये तिचं प्रवासाचं पुस्तक छापूनही आलं. परक्या माणसाला आपलं रोजचंच जगणं नवलाचं वाटतं, म्हणून ते कागदावर उतरतं. पण पणजी, जुनं गोवं पाहून गेलेली पाहुणी पेडणे-डिचोलीच्या माजघरात कशी येणार?

माझी आजी पेडण्याची, माहेर बांद्याचं. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला, मग सीमा बंद. चालत जाण्याइतकं माहेर, पण त्या दिवाळीत तिची भाऊबीज चुकली. तिनं हे शंभरदा सांगितलं, आम्ही एकदाही लिहून घेतलं नाही. आता तारखा विचारायला ती नाही. तुमच्या घरात आजी असेल तर आजच वही घेऊन बसा.