झिप, एमपी३ आणि आजीचं जातं



मागच्या दिवाळीत मामेभावाने पुण्याहून एक झिप फाईल पाठवली. आत आजीच्या जात्यावरच्या ओव्या, मामाने कधीकाळी टेप केलेल्या. भावाने जुन्या डेकवर कॅसेट लावून ती कॉम्प्युटरवर वेव्ह फाईल म्हणून उतरवली होती. ४० मिनिटांचे सव्वाचारशे एमबी. झिप करूनही फार फरक पडला नव्हता.

मी दोनेक मिनिटं ऐकली आणि म्हटलं, ही गाडीत ऐकायला हवी. 'झिपचं एमपी३' असं शोधलं, पहिलं जे फुकट संकेतस्थळ आलं त्यावर फाईल चढवली. थोड्या वेळाने १९ एमबीची सुटसुटीत एमपी३ हातात. खूश होऊन मूळ झिप उडवून टाकली.

गाडीत लावली. आजीचा आवाज होता, शब्द कळत होते. पण जात्याची घरघर गायब! म्हणजे होती, पण कुणीतरी जातं विहिरीच्या तळाशी नेऊन फिरवतंय अशी. भावाला फोन केला तर त्याने तोवर लॅपटॉप फॉरमॅट केलेला. कॅसेटला बुरशी होतीच, दुसऱ्यांदा लावली तेव्हा फीत तुटून डेकमध्ये गुंडाळली गेली.

चूक माझीच, आणि इंजिनिअर म्हणवून घेणाऱ्याला न शोभणारी. त्या रात्रीपासून या दोन फायलींचा इतिहास वाचत सुटलो.

सुरुवात एकाच ठिकाणी होते. १९५१ साली एमआयटीत रॉबर्ट फॅनो या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना सांगितलं, एकतर परीक्षा द्या, नाहीतर एक प्रश्न सोडवून निबंध लिहा. प्रश्न असा की माहिती कमीत कमी बिट्समध्ये कशी लिहायची. यावर फॅनो स्वतः झगडत होते, हे काही त्यांनी वर्गात सांगितलं नाही. (प्राध्यापक सगळीकडे सारखेच!) डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने कित्येक महिने डोकं फोडलं, आणि कंटाळून टिपणं टाकून देऊन परीक्षेच्या अभ्यासाला बसणार तोच त्याला उत्तर सुचलं. १९५२ साली ते छापून आलं. तत्त्व आपल्या घरातलंच आहे. ज्याला दिवसातून शंभरदा हाक मारायची त्याचं नाव 'बाळ्या', वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला मात्र पूर्ण नाव आडनावासकट. वारंवार येणाऱ्या चिन्हाला छोटा कोड, क्वचित येणाऱ्याला लांब.

दुसरी कल्पना इस्रायलमधली. हैफाच्या टेक्निऑनमधल्या जेकब झिव आणि अब्राहम लेंपेल यांनी १९७७ साली एक पद्धत मांडली. आरतीच्या पुस्तकात ध्रुपद एकदाच पूर्ण छापतात, पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसतं '॥धृ॥'. तसंच हे: आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा लिहायचा नाही, 'इतकं मागे जा आणि इतकी अक्षरं उचल' एवढंच लिहायचं. दोघेही २०२३ साली गेले.

हे दोन्ही एकत्र आणलं अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या फिल कॅट्झने. १९८० च्या दशकात मोडेमवरून फायली पाठवणारे लोक एसईए या छोट्या कंपनीचा 'आर्क' नावाचा प्रोग्रॅम वापरत. कॅट्झने त्याच्यासारखाच, पण बराच वेगवान 'पीकेआर्क' लिहिला. एसईएने १९८८ मध्ये दावा ठोकला, तडजोड झाली आणि कॅट्झला तो प्रकार सोडावा लागला. मग १९८९ मध्ये त्याने स्वतःचं नवं स्वरूप आणलं, तेच झिप. शहाणपणा असा केला की स्वरूपाचा तपशील सगळ्यांना मोकळा करून दिला, त्यामुळे कुणीही झिप बनवणारा किंवा उघडणारा प्रोग्रॅम लिहू शकलं. १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'डिफ्लेट' ही पद्धत आली, म्हणजे झिव-लेंपेल अधिक हफमन. कॅट्झ २००० साली मिलवॉकीच्या एका मोटेलमध्ये मेला. वय ३७, कारण दारू. आजही कुठलीही नेहमीची झिप फाईल हेक्स एडिटरमध्ये उघडा, पहिली दोन अक्षरं त्याचीच: पी आणि के. फाईलच्या नावाचं शेपूट बदलून एमपी३ केलं तरी ती तशीच राहतात.

या सगळ्यात एक करार आहे. झिपमध्ये टाकलेला प्रत्येक बिट जसाच्या तसा परत मिळतो. बँकेच्या हिशोबाला, प्रोग्रॅमला हेच हवं. पण आवाजाला ही पद्धत फारशी लागू पडत नाही. गायकाने 'सा' स्थिर धरला तरी सेकंदाला घेतलेल्या ४४,१०० नमुन्यांत आकड्यांची तीच रांग तंतोतंत पुन्हा सहसा येत नाही. ध्रुपदच सापडत नाही, मग धृ कुठे लिहिणार? म्हणून भावाची झिप इतकी अगडबंब.

आवाजवाल्यांची वाट वेगळी. जर्मनीत एर्लांगनला डिटर झाइट्झर या प्राध्यापकांना टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवायचं होतं. पेटंट तपासनीस म्हणाला, अशक्य. ते काम त्यांनी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग या पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे दिलं. सीडीचा आवाज सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट खातो, तो शंभर-सव्वाशेत बसवायचा होता. युक्ती कानाच्या मर्यादेची. लग्नात बँड वाजत असताना शेजारच्याची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. तर मग ती नेमकी कशाला साठवा? जिथे मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो तिथले आकडे ढोबळ करायचे, आणि उरलेले शेवटी हफमनच्या पद्धतीनेच लिहायचे. हो, तोच हफमन. एमपी३ पुन्हा झिप करून काही वाचत नाही याचं एक कारण हेच, पिळलेलं कापड पुन्हा काय पिळणार.

आणि इथे मी थांबलो. ब्रांडेनबुर्गची पद्धत पुष्कळ संगीतावर छान चालत होती, पण सुझान व्हेगाच्या 'टॉम्स डायनर' या गाण्याची तिने माती केली. त्यात वाद्य एकही नाही, फक्त एका बाईचा आवाज. झाकायला बँडच नाही, त्यामुळे ढोबळपणा उघडा पडला. ते एक गाणं शेकडो वेळा ऐकून त्याने पद्धत सुधारत नेली. म्हणजे साथीशिवाय गाणारी एकटी बाई हीच या तंत्राची पहिली कठीण परीक्षा होती! माझ्या फाईलमध्ये आजीचा आवाज वाचला त्याचं थोडं श्रेय त्या गाण्याला. जातं मात्र वाचलं नाही. घरघर, पाऊस, टाळ्या असे आवाज म्हणजे बहुतांशी गोंगाट, त्यांना बिट्स जास्त लागतात. त्या संकेतस्थळाने मला न विचारता ६४ किलोबिट धरले होते.

मानक १९९२ मध्ये ठरलं, १४ जुलै १९९५ ला फ्राउनहोफर संस्थेत एमपी३ हे शेपूट पक्कं झालं, आणि पुढचा विनॅम्प, नॅपस्टरचा काळ आपल्यापैकी अनेकांनी हॉस्टेलमध्ये जगलेला आहे. २०१७ मध्ये फ्राउनहोफरने एमपी३ चे परवाने देणंही बंद केलं.

तेव्हा 'झिपचं एमपी३ करणे' असं मुळात काही नसतंच. झिप हा डबा. संकेतस्थळ डबा उघडतं, आतला आवाज काढतं आणि नव्याने एमपी३ बनवतं. पहिली पायरी परत फिरवता येते, दुसरी नाही. दोन्ही गोष्टी घरच्या मशीनवर होतात: डबा विंडोज स्वतः उघडतं, आणि ऑडॅसिटी फुकट आहे, किती किलोबिट ते विचारते. आजीचा आवाज कुणा परक्या सर्व्हरवर चढवायची गरजच नव्हती. जपून ठेवायचं असेल तर फ्लॅक. जॉश कोल्सनने २००१ मध्ये आणलेलं हे स्वरूप झिपसारखा प्रत्येक बिट परत देतं, पण आवाजाच्या लहरीचा पुढचा आकडा आधीच्या आकड्यांवरून ताडून फक्त चूक लिहितं. त्यामुळे साधारण निम्म्या जागेत काम भागतं.

आई म्हणते त्या कॅसेटची एक कॉपी नाशिकच्या मावशीकडे असावी, माळ्यावरच्या ट्रंकेत. भाऊ पुढच्या महिन्यात जाणार आहे. त्याला सांगितलंय, आधी बुरशी साफ करून घे, घाईने डेकमध्ये घालू नकोस, आणि मला फ्लॅकच पाठव. एक प्रत तुझ्याकडेही राहू दे.