सिंगापूर–न्यू यॉर्क थेट विमानसेवा

सिंगापूर एअरलाइन्सची ही विनाथांबा सेवा जगातील सर्वांत लांब पल्ल्याच्या नियमित प्रवासी विमानसेवांपैकी एक आहे. दोन्ही शहरांतील हवाई अंतर सुमारे १५,३०० किमी असून प्रवासास साधारणतः १८ ते १९ तास लागतात.

ही शहरे जवळजवळ परस्परविरुद्ध रेखावृत्तांवर असल्याने त्यांना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवालगत जातो. सपाट नकाशावर हे ध्यानात येत नाही. त्यासाठी पृथ्वीगोलच पाहावा लागतो. ध्रुव सिंगापूरपासून सुमारे ८९ अंश, तर न्यू यॉर्कपासून ४९ अंश दूर आहे. म्हणजे एकूण १३८ अंश, आणि एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी. प्रत्यक्षात मात्र न्यू यॉर्ककडे जाणारे विमान बहुधा पॅसिफिक महासागरावरून नेले जाते. तेथे उंचावर पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांमुळे मार्ग लांबला तरी वेळ व इंधन वाचते.

न्यू यॉर्कनजीकच्या न्यूअर्क विमानतळापर्यंत २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा २०१३ मध्ये बंद झाली; चार इंजिनांच्या एअरबस ए३४०-५०० विमानांचा इंधनखर्च परवडेनासा झाला होता. २०१८ मध्ये दोन इंजिनांच्या ए३५०-९०० यूएलआर विमानांनी ती पुन्हा सुरू झाली. वजन मर्यादित राहावे म्हणून त्यांत १६१ आसनेच ठेवण्यात आली. इकॉनॉमी वर्ग नव्हताच. २०२० पासून जॉन एफ. केनेडी विमानतळासही ही सेवा मिळाली.