ऑर्कुट सोडताना

आजचा विषय तसा अलीकडचाच. पण ऑफिसातल्या नव्या इंटर्नला नावही माहीत नव्हतं, म्हणजे आता तो इतिहासच झाला. ऑर्कुट.

जानेवारी 2004 मध्ये गूगलमधल्या ऑर्कुट बुयुक्कोक्तेन या तुर्की इंजिनिअरनं ते सुरू केलं, नावही स्वतःचंच दिलं. सुरुवातीला आमंत्रणाशिवाय आत जाता येत नसे. ते खरं फोफावलं ब्राझीलमध्ये आणि आपल्याकडे. 2008 मध्ये तर गूगलनं त्याचा कारभारच ब्राझीलला, बेलो होरिझोंतेला हलवला.

मी तेव्हा शाळेत. दादा सायबर कॅफेत न्यायचा, मी शेजारच्या स्टुलावर. स्क्रॅपबुक बहुधा उघडंच असायचं, कोणीही कोणाचं वाचावं! खाजगी बोलायला लोकांनी जुगाड शोधला: टेस्टिमोनियल. खरं तर ते मित्राचं कौतुक करण्यासाठी, पण त्यानं मंजूर केल्याशिवाय इतरांना दिसायचं नाही. मग त्यात मनातलं लिहायचं आणि शेवटी ‘अ‍ॅक्सेप्ट करू नकोस’. फीचर एकासाठी बनवा, लोक भलत्यालाच वापरतात. हे आमच्या धंद्यात मी अजून रोज बघतो.

सगळं गोड नव्हतं हं. 2007 मध्ये ऑर्कुटवरच्या बदनामीच्या मजकुरावरून शिवसैनिकांनी मुंबई परिसरातले सायबर कॅफे फोडले. लिहिणारा कोण कुठला, काचा फुटल्या कॅफेवाल्याच्या.

पुढे फेसबुक आलं. सोडायचं असं कोणी ठरवलं नाही. दादा म्हणाला, "सगळे तिकडे गेलेत, इथे काय भिंतींशी बोलू?" मलाही फेसबुक आवडलंच, खोटं कशाला बोला. ऑर्कुटचा सर्व्हर सारखा रुसायचा आणि वर ‘नो डोनट फॉर यू’ असं ऐकवायचा.

30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झालं. आपला डेटा उतरवून घ्यायला 2016 पर्यंत मुदत होती. दादानं घेतला, ती झिप फाइल माझ्या हार्ड डिस्कवर आहे. उघडली तर ‘जेवलास का’, ‘मॅच बघतोयस ना’, ‘अरे, रिझल्टचं काय झालं?’ असे ढीगभर स्क्रॅप. दादाची उत्तरं मात्र एकही नाही. कारण उत्तर समोरच्याच्या स्क्रॅपबुकात जाऊन लिहायचं असायचं, आणि ती माणसं आता कुठे आहेत कोणास ठाऊक. अर्धाच संवाद उरलाय.

"तुला पाठवू का?" मी विचारलं.

"नको. राहू दे तुझ्याकडेच. डिलीट मात्र करू नकोस."