पंडिता रमाबाई यांची वाणी आणि लेखणी

भीमेच्या उत्तरेस शिरूर तालुका आणि दक्षिणेस दौंड तालुका. पाऊस बेताचा आणि दुष्काळ पाठीशीं लागलेला असा हा प्रदेश. यांतील दौंड तालुक्यांत, पुण्याहून पूर्वेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांव आहे. पंडिता रमाबाईंनीं १८९८ सालीं येथें ‘मुक्तिसदन’ उघडलें. त्यांच्या समाजकार्याविषयीं आणि धर्मांतराविषयीं पुष्कळ वाद झाले. मात्र त्यांची भाषा कोठून निघाली व कोठें येऊन पोंचली, हा इतिहासही त्या वादांइतकाच उद्बोधक आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनीं पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि त्या माउलीनें मुलीला. कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरे आणि देवळांत किंवा घाटावर पुराण वाचून मिळेल त्यावर निर्वाह करी. या वाचनाची एक खूण रमाबाईंनीं पुढें १९०७ च्या आत्मनिवेदनांत सांगितली आहे. पुराण संस्कृतांतच वाचलें जाई. देशभाषेंत त्याचा अर्थ सांगितला जात नसे. श्रवणानेंच पुण्य लाभतें, अशी समजूत होती. लोक येत, समोर कांहीं ठेवीत, आणि ऐकून जात. कळलें किती, हें कोणी विचारीत नसे. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईवडील गेले. पुढें १८७८ सालीं ज्या संस्कृताच्या बळावर कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलें, तें याच भटकंतींत कमावलेलें होतें.

१८८२ सालीं वैधव्य घेऊन त्या पुण्यास आल्या व त्याच वर्षीं ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध केली. पुस्तक मराठी खरें, पण पुराणिकाचें आसन अद्याप सुटलेलें नव्हतें. भाषा संस्कृतप्रचुर आणि बाज उपदेशाचा. १८८९ चें ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें त्यापुढें अगदीं निराळें वाटतें. त्यांत त्या सांगतात कमी आणि दाखवितात अधिक: तेथील घरें, शाळा, स्त्रियांच्या संस्था. अमेरिकेंत त्या गांवोगांव व्याख्यानें देत हिंडल्या होत्या. पांढरें लुगडें नेसलेली, केस कापलेली ही कृश विधवा व्यासपीठावर उभी राहिली कीं, विषयाची अर्धी प्रस्तावना न बोलतां होत असे. आपलें रूपच आपलें चित्र आहे, हें त्यांना पुरतें उमगलें होतें.

१८९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून आणि १९०० सालीं गुजराथेंतून रमाबाईंनीं शेंकडों अनाथ मुली व विधवा केडगांवीं आणल्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. शेती, विणकाम यांबरोबर तेथें छापखानाही निघाला. अशा श्रोत्यांपुढें पांडित्य काय कामाचें? प्रचलित मराठी बायबल अशा बायकांना कळत नाहीं, असें त्यांना दिसून आलें, आणि उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं मूळावरून नवें भाषांतर आरंभिलें. तें सुमारें अठरा वर्षें चाललें.

जुन्या धर्मकल्पनांचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांनीं कटाक्षानें टाळले. येथें रेव्हरंड टिळकांची आठवण होते. टिळकांनीं ओवी, अभंग आणि कीर्तन यांना जवळ केलें; रमाबाईंनीं आपल्याच हातची सर्वांत धारदार विद्या दूर ठेवली. रसिकाचा कौल टिळकांकडे जाईल, आणि तो बरोबरही आहे. शिवाय मूळाला शब्दशः धरून राहण्याच्या हट्टानें रमाबाईंचें वाक्य पुष्कळदां अडखळतें. शब्द सोपे, पण चाल मराठीची नाहीं. चर्चमंडळ्यांत बायबल सोसायटीचेंच भाषांतर रूढ राहिलें. तथापि अर्थ न सांगतां हजारों श्लोक वाचणाऱ्या मुलीनें म्हातारपणीं एकेका शब्दाशीं ‘हा त्यांना कळेल काय?’ म्हणून थांबावें, याचें मोल त्या अडखळण्यानें कमी होत नाहीं.

१९२१ सालीं कन्या मनोरमाबाई निवर्तल्या. भाषांतराचें काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही केडगांवींच गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. त्याचे खिळे मुक्तिसदनांतल्या बायकांनीं जुळविले होते.