डॉ. अनिता अवचट यांची उपचारदृष्टी : एक ऐतिहासिक आढावा

व्यसनाधीनता हा नैतिक अधःपात नसून आजार आहे, हा विचार महाराष्ट्रात रुजविण्यात डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांचा मोठा वाटा आहे. येरवडा मनोरुग्णालयातील वैद्यकीय सेवेचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. पती डॉ. अनिल अवचट यांच्या 'गर्द'विषयक लेखनामुळे पु. ल. देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. औषधाने शरीराचा त्रास शमतो. गमावलेली पत मात्र परत मिळत नाही, हे जाणून डॉ. अनिता यांनी समुपदेशन व समूहोपचारांवर भर दिला. व्यसनमुक्त रुग्णांनाच कार्यकर्ते केले. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी कार्य खंडित झाले नाही. समाजाने ज्यावर विश्वास ठेवणे सोडले, त्याच्यावरच जबाबदारी सोपविणे, हा त्यांच्या उपचारपद्धतीचा गाभा होता, असे म्हणावे लागते.