टोपीकरांची वखार : मराठी बंदरनीती आणि परदेशी कंपन्या

सतराव्या शतकातील कोकणच्या किनाऱ्यासमोरचा समुद्र कोणालाही मोकळा नव्हता. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगिजांनी या समुद्रावर आपला हक्क सांगितला आणि तो अमलात आणण्यासाठी कार्ताझ नावाचा परवाना सुरू केला. या परवान्यात जहाजाचे नाव, नाखुद्याचे नाव, जहाजाचा आकार, त्यावरील माणसे व हत्यारे आणि जाण्याचे बंदर यांची नोंद असे. शिवाय कोणता माल भरू नये आणि पोर्तुगीज बंदरात कोठे जकात भरावी, हेही त्यात लिहिलेले असे. कार्ताझ नसलेले जहाज धरले जाई आणि त्यावरचा माल जप्त होई. जमिनीवर मोठी फौज बाळगणाऱ्या विजापूरकरांनी आणि मोगलांनीही आपल्या जहाजांसाठी हा कागद घेतला, यावरून समुद्रावरचा अधिकार आणि जमिनीवरचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे त्या काळच्या सत्तांनी किती मुकाट्याने मान्य केले होते, हे कळते. 1600 साली स्थापन झालेली इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी आणि 1602 साली स्थापन झालेली वलंदेजांची, म्हणजे डचांची कंपनी या समुद्रात आल्या, तेव्हा परवाना, वखार आणि जकात हीच येथील व्यवहाराची भाषा होती.

1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर या व्यवहारात एक नवा धनी उभा राहिला. शिवाजी महाराजांनी समुद्राकडे केवळ लुटीचे किंवा संरक्षणाचे क्षेत्र म्हणून पाहिले नाही. किल्ला, आरमार, बंदर आणि जकात ही चारही अंगे त्यांनी एकमेकांना जोडली. 25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाला आरंभ झाला, आणि त्याच सुमारास गुराबा, गलबते, शिबाडे व मचवे अशा लहानमोठ्या तारवांचे आरमार वाढत गेले. या नीतीची आर्थिक बाजू 1671 मधील मिठासंबंधीच्या आज्ञेत विशेष स्पष्ट दिसते. पोर्तुगिजांच्या बारदेशातील मीठ स्वस्त पडत असल्यामुळे व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातील मिठागरे बसतील, हे ओळखून महाराजांनी कुडाळच्या अधिकाऱ्याला बारदेशी मिठावर इतकी जकात बसवण्यास सांगितले की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडावे. मिठासारख्या साध्या वस्तूच्या भावात परकी सत्तेचा शिरकाव पाहणारी ही दृष्टी लक्षात घेतल्याशिवाय परदेशी कंपन्यांशी झालेल्या पुढील व्यवहाराचा अर्थ लागत नाही.

या व्यवहाराचे सर्वांत बोलके ठिकाण म्हणजे राजापूर. हे बंदर समुद्रावर नाही. अर्जुना नदीच्या खाडीच्या टोकाशी, समुद्रापासून सुमारे 24 किलोमीटर आत ते वसले आहे. मोठी जहाजे खाडीच्या मुखाशी जैतापूरजवळ नांगर टाकत, आणि तेथून माल लहान होड्यांत भरून भरतीच्या पाण्याबरोबर वर राजापूरच्या धक्क्याला आणला जाई. दुसऱ्या बाजूने अणुस्कुरा घाटाने बैलांच्या तांड्यांवरून देशावरचा माल खाली उतरे. मिरे, सुपारी, वेलदोडे आणि कापड हा तेथील मुख्य व्यवहार. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी तेथे वखार घातली. वखार म्हणजे नुसते कोठार नव्हे; माल साठवण्याची जागा, कंपनीच्या नोकरांचे बिऱ्हाड, हिशेबाची कचेरी आणि प्रसंगी तटबंदीची गढी, असे तिचे रूप असे. राजापूरची वखार मात्र घाट आणि खाडी यांच्या मध्ये पूर्णपणे स्थानिक सत्तेच्या मुठीत होती. घाट अडवला तर माल येणार नाही आणि खाडी अडवली तर गेलेला माल जहाजापर्यंत पोचणार नाही, अशी तिची अवस्था होती.

असे असूनही वखारवाल्यांनी 1660 मध्ये एक घोडचूक केली. विजापूरकरांचा सरदार सिद्दी जौहर याने महाराज असलेल्या पन्हाळ्याला वेढा घातला असता राजापूरच्या इंग्रजांनी त्याला दारूगोळा पुरवला, एवढेच नव्हे तर स्वतः वेढ्यात जाऊन इंग्रजांचे निशाण लावून गडावर तोफा डागल्या. व्यापारासाठी आलेल्या पक्षाने युद्धात बाजू घेतली की त्याचे व्यापारी संरक्षण संपते, हा त्या काळचा सर्वमान्य संकेत होता. 1661 मध्ये महाराजांनी राजापूर घेतले, वखार लुटली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याच्यासह इंग्रजांना कैद केले. 1663 मध्ये त्यांची सुटका होईपर्यंत कंपनीच्या सुरतेच्या वखारीला एक गोष्ट पुरती उमगली होती, की कोकणात व्यापार करायचा तर महाराजांची मर्जी सांभाळावी लागेल.

पुढची दहा-बारा वर्षे इंग्रज राजापूरच्या नुकसानभरपाईचा तगादा लावत राहिले, आणि या काळातील त्यांच्या वागण्यात जुळवून घेण्याची सारी कला दिसते. 1672 मध्ये स्टीफन उस्टिक, 1673 मध्ये टॉमस निकल्स आणि 1674 मध्ये हेन्री ऑक्झिंडेन असे वकील एकामागून एक पाठवले गेले. दुभाष्याचे काम नारायण शेणवी करत, आणि मराठी बाजूने निराजी पंडितांसारखे अधिकारी मध्यस्थी करत. कारण दरबारात कोणाला कसे भेटावे, नजराणा कोणापुढे कोणता ठेवावा, हे कळल्याशिवाय कलमे पुढे सरकत नसत. ऑक्झिंडेन राज्याभिषेकाच्या प्रसंगी रायगडावर हजर होता, आणि त्या भेटीतून झालेल्या तहाने कंपनीला राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथे वखारी घालण्याची मुभा मिळाली, आयात मालावर शेकडा अडीच असा जकातीचा दर ठरला आणि भरपाईचा प्रश्नही मार्गी लागला.

तहातील ज्या दोन कलमांवर घोडे अडले ती मंजूर झालेल्या कलमांपेक्षा अधिक सांगून जातात. इंग्रजांची नाणी स्वराज्यात चालावीत, अशी एक मागणी होती. त्यावर, नाणे खरे असेल तर लोक ते आपणहून घेतील, त्यासाठी हुकूम कशाला, अशी मराठी बाजूची भूमिका होती. दुसरी मागणी फुटलेल्या जहाजांची. तुफानात किनाऱ्याला लागलेले इंग्रजी जहाज व त्यावरील माल परत मिळावा, असे कंपनीचे म्हणणे होते; पण किनाऱ्याला लागलेल्या मालावर राजाचा हक्क ही कोकणची जुनी चाल असून, ती इंग्रजांसाठी मोडली तर फ्रेंच, वलंदेज आणि इतरही तेच मागतील, असे महाराजांच्या वतीने सांगण्यात आले. एका कंपनीला दिलेली सवलत ही पुढच्या प्रत्येक कंपनीच्या मागणीचा आधार बनते, हा विचार करणारे राज्य व्यापाऱ्यांशी व्यवहार करण्यात नवखे नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

वलंदेजांचा अनुभव थोडा वेगळा होता. 1637 पासून वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती आणि गोव्याच्या नाकेबंदीसाठी येणाऱ्या त्यांच्या जहाजांना तेथून रसद मिळे. कर्नाटकाच्या मोहिमेत, 1677 मध्ये, पूर्व किनाऱ्यावरील वलंदेजांना महाराजांनी व्यापाराचा कौल दिला, म्हणजे संरक्षणाचे अभयवचन दिले. पण त्यातच माणसांची खरेदी करून त्यांना गुलाम म्हणून परमुलखात नेण्यास सक्त मनाई केली. आधीच्या राजवटीत ही मोकळीक त्यांना होती. व्यापाराची मुभा देताना व्यापाराची मर्यादाही राज्याने ठरवावी, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण त्या शतकात क्वचितच सापडेल, आणि ते अधिक आदराने आठवले जायला हवे.

इंग्रजांच्या वागण्यात जो बदल पुढे झाला त्याचे मूळ मुंबईत आहे. पोर्तुगिजांकडून विवाहाच्या करारात इंग्लंडच्या राजाला मिळालेले हे बेट 1668 मध्ये वर्षाला दहा पौंडांच्या नाममात्र खंडावर कंपनीकडे आले. राजापुरात कंपनी कूळ होती. मुंबईत ती मालक झाली. जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचे आरमार घेऊन पावसाळ्यात माझगावच्या आश्रयाला येऊ लागला, तेव्हा कंपनीने मोगलांची सुरतेतील मर्जी सांभाळण्यासाठी त्याला पुरते हुसकावले नाही, आणि मराठ्यांच्या शत्रूला आसरा दिल्याचा ठपका तिच्यावर कायम राहिला. 1679 मध्ये महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी यांनी थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटावर तट बांधण्यास आरंभ केला, तो मुंबईच्या तोंडावर पहारा बसवण्यासाठीच. इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची कोंडी करण्याचा प्रयत्न केला, परंतु मराठ्यांची हलकी, वल्ह्यांची तारवे रात्री उथळ पाण्यातून सामान पोचवत राहिली आणि इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना त्यांचा पाठलाग जमेना. भाड्याने शिबाडे घेऊन ती लढाईसाठी सज्ज करण्याची वेळ कंपनीवर आली. 1680 च्या आरंभी तिने माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

या साऱ्या अनुभवाचा अर्क अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात उतरला. राजनीतीवरील या ग्रंथात सावकार, म्हणजे मोठे व्यापारी, ही राज्याची शोभा मानली असून त्यांना बोलावून, अभय देऊन बंदरे वसवावीत, असे सांगितले आहे. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, कारण त्यामुळे व्यापारी नाडले जातील, असा बारकावाही त्यात आहे. परंतु टोपीकरांना, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना, या सर्वसाधारण नियमातून अमात्यांनी वेगळे काढले आहे. इतर व्यापारी केवळ व्यापारी असतात, टोपीकरांच्या पाठीशी मात्र त्यांचे राजे असतात आणि त्यांना जागेचा हव्यास असतो, असे त्यांचे निदान आहे. म्हणून त्यांना येऊ-जाऊ द्यावे, पण वखारीसाठी जागा देणे भागच पडले तर ती समुद्रतीरी किंवा खाडीच्या तोंडाशी न देता, राजापुरासारख्या ठिकाणी, आत आणि सखल जागी द्यावी. पक्की, मजबूत इमारत बांधू देऊ नये. राजापूरचा खाडीचा भूगोल ज्याने पाहिला आहे त्याला या सल्ल्याची धार लगेच कळते. तेथे व्यापार पूर्ण चालतो, पण वखारीतून सुटलेली तोफ समुद्रापर्यंत पोचत नाही.

आज्ञापत्र लिहिले जात होते त्याच काळात मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांनी समुद्रावरचा मराठी अधिकार दस्तकाच्या रूपाने अमलात आणला होता. दस्तक म्हणजे पैसे भरून घेण्याचा जहाजाचा परवाना; पोर्तुगिजांनी दोनशे वर्षे जे केले तेच आता किनाऱ्याचा खरा धनी करत होता. 1713 मध्ये कान्होजींचा कंपनीशी तह झाला आणि इंग्रज निशाणाच्या जहाजांना उपद्रव न देण्याचे ठरले. पुढचा सारा झगडा मात्र इंग्रज जहाज कोणाला म्हणावे, या एका प्रश्नावरून पेटला. कंपनीचे नोकर खासगी व्यापार करत आणि मुंबई-सुरतेच्या हिंदी व्यापाऱ्यांचा मालही इंग्रजी निशाणाखाली नेत. कान्होजींच्या मते सवलत कंपनीच्या जहाजांपुरती होती, निशाण भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाची नव्हती. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचा मुद्दा भक्कम होता. कंपनीने मात्र त्याला चाचेगिरी हे नाव दिले, आणि इंग्रजी कागदपत्रांतून आलेले ते नाव आपल्याकडच्या लिखाणातही दीर्घकाळ टिकले, ही खेदाची गोष्ट आहे.

गव्हर्नर चार्ल्स बून याच्या कारकिर्दीत 1718 मध्ये खांदेरीवर, 1720 मध्ये विजयदुर्गावर आणि 1721 मध्ये पोर्तुगिजांसह कुलाब्यावर स्वाऱ्या झाल्या आणि त्या फसल्या. कुलाब्याच्या अपयशानंतर पोर्तुगिजांनी मराठ्यांशी स्वतंत्रपणे तह करून अंग काढून घेतले. कंपनीने तलवारीने जे साधले नाही ते शिकून साधण्याचा मार्ग धरला. उथळ पाण्यात चालणारी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढे नाळेकडे निमुळती होत जाणारी गुराब आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांचे गलबत हे दोन्ही प्रकार तिने आपल्या मुंबईच्या आरमारात घेतले, व्यापारी जहाजांना टोळीने नेऊन सोबत लढाऊ तारवे देण्याची पद्धत बसवली, आणि 1736 च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना आणून मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधण्यास आरंभ केला. परदेशी कंपनीने किनाऱ्याच्या नौकाविद्येशी इतके पूर्ण जुळवून घेतल्याचे हे उदाहरण आहे. मात्र हे जुळवून घेणे राज्याच्या नियमांशी नव्हते, त्याच्या सामर्थ्याशी होते.

1755 मध्ये नानासाहेब पेशव्यांनी कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध कंपनीची मदत घेतली. एप्रिलमध्ये कंपनीच्या विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, आणि फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन व क्लाइव्ह या इंग्रज सेनानींच्या हल्ल्यात विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळून गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात झालेल्या तहात, मराठी मुलखाच्या व्यापारातून वलंदेजांना वगळण्याचे कलम कंपनीने घालून घेतले. 1674 मध्ये ज्या राज्याने एका कंपनीच्या सवलतीसाठी इतरांचा हिशेब मांडला होता, त्याच्या बंदरांत कोणी यावे हे आता एक कंपनी ठरवत होती. विजयदुर्ग पेशव्यांकडे देऊन तिने त्याच तहाने बाणकोट घेतले. बाणकोटचा किल्ला खाडीच्या आत नाही. तो सावित्रीच्या मुखावर, समुद्राला लागून असलेल्या टेकडीवर आहे, आणि त्याच नदीने वर गेले की रायगडाच्या पायथ्याकडचे महाड लागते.